विटकरी ऊस

अभिनंदन मगदूम पदरात पडला असता तर संयोगिता पोवारला काय काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. एक तर रेल्वेचा ड्रायव्हर नवरा, आणि तोही असा, की गाडी स्टेशनात थांबवताना भरल्या पेल्यातलं पाणी हिंदकळू देणार नाही. रुकडीत रुळाला लागून उसाचं रान. गोठ्यात म्हशी. सासू अंजनाकाकी, जिचा आवाज चढलेला गावात कुणी ऐकला नव्हता. अशी सासू मिळावी म्हणून पोरी नवस बोलतात. शिवाय वडलांचं तोंड बंद. गणपतराव पोवार शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर होते आणि लग्नाच्या बाबतीत त्यांचं धोरण त्यांच्या भट्टीसारखंच होतं. ठरलेल्या आचेखाली काही वितळत नसे. जावई सरकारी नोकरीत असेल तर जात विचारणार नाही, नसेल तर नावसुद्धा विचारणार नाही, असं त्यांनी ताटावर बसून जाहीर केलं होतं. आणि या सगळ्यावर वरकड म्हणून अभिनंदनचं हसणं. ते आधी डोळ्यांत यायचं, मग ओठांना विचारायचं, आणि पुष्कळदा ओठ नको म्हणायचे.

जाणार काय होतं? मटण. मगदूम जैन. त्यांच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. आणि संयोगिता म्हणजे रविवारी पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या पिऊन तिसरीकडं बघणारी पोरगी. पण तिनं तेही मनाशी मिटवून टाकलं होतं. कुणी काही बोलायच्या आधीच तिनं रविवारची वाटी बाजूला सारायला सुरुवात केली. घरी सांगितलं, पित्त होतंय. म्हणजे सोयरीक ठरायच्या आत नवरीनं आपल्या बाजूचा विसार देऊन टाकला होता, आणि तो कुणाला दिला हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं.

ओळख झाली ती एका हॉर्नमुळं.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत औषधाच्या दुकानावर एक अभ्यासिका आहे. नोकरीच्या परीक्षा देणारी पोरं-पोरी तिथं दिवसभर मान खाली घालून बसतात, आणि आकाराममामा दारात बसून शांतता राखतात. पान जोरात उलटलं तरी मामा खाकरायचे. ऑगस्टची रिपरिप चालली होती. जिन्यात छत्र्यांचं ओघळतं कुंपण झालं होतं, आणि आत ओल्या कपड्यांचा आणि झेरॉक्सच्या कागदांचा मिळून एक वास कोंडला होता. संयोगिता पाणी प्यायला उठली. तिच्या पिशवीचा बंद शेजारच्या पोराच्या कानात घातलेल्या वायरीत अडकला, वायर लॅपटॉपमधनं निसटली... आणि त्या गपगार खोलीत आगगाडीचा हॉर्न वाजला. लांबलचक, घोगरा, अंगावर येणारा. पुढच्या रांगेतली एक मुलगी ताडकन उभी राहिली. कोपऱ्यात डुलक्या घेणाऱ्या एकानं तर डोळे न उघडताच पिशवी छातीशी धरली, गाडी आली म्हणून. ते बघून संयोगिताला जे हसू फुटलं ते आवरेना.

मामांनी न्याय केला. पोराला हॉर्नबद्दल बाहेर काढलं आणि पोरीला हसण्याबद्दल.

जिन्यात, ओल्या छत्र्यांच्या गर्दीत दोघं उभी राहिली. तो लॅपटॉप पोटाशी धरून, बाळ भिजू नये तसा.

“वायर तुम्ही वढली,” तो म्हणाला.

“अन् गाडी कोण हाकत होतं? मी?”

“अभ्यासच होता की तो.”

“बघू तर खरं, कसला अभ्यास हाय.”

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं. हसणं डोळ्यांत आलं, ओठांनी या खेपेला होकार दिला. पायरीवर बसून त्यानं लॅपटॉप उघडला.

पडद्यावर कोल्हापूरचं स्टेशन होतं. तिचं रोजचं, ओळखीचं. आगगाडी चालवायचा हा खेळ जगभर पोरं खेळतात. त्यात परदेशातले मार्ग तयार मिळतात, पण हवा तर आपला मार्ग आपण बांधायचा. अभिनंदननं कोल्हापूर-मिरज पॅसेंजरचा मार्ग बांधला होता. रुकडीहून तो रोज त्याच गाडीनं यायचा. खिडकीतनं मोबाईल धरून त्यानं वर्षभर फाटकं, पाट्या, पूल, रुळाकडची झाडं टिपली होती. गूळ मार्केट, वळिवडे... मग पंचगंगेचा पूल. पुलावर चाकांचा आवाज बदलला तेव्हा संयोगिताच्या अंगावर काटा आला. पूल संपला, रुकडीची रानं लागली, आणि तिनं मान पुढं काढली.

“हे काय हाय? वीटभट्ट्या?”

“ऊस हाय.”

“असल्या रंगाचा? विटकरी?”

“लांबनं तसाच दिसतोय.”

“तुमचं रान कुठं?”

“हे काय, रुळाला लागूनच. रुकडीत.”

उसाच्या घरचा पोरगा, आणि त्याला ऊस रंगवता येईना. संयोगिता पुन्हा हसायला लागली तेव्हा वरनं मामा खाकरले. तो मात्र रागावला नाही. म्हणाला, हा मार्ग नेटवरनं उतरवून घेणाऱ्या परदेशी लोकांना तो ऊस फार आवडतो, लिहितात, तुमच्याकडची पानगळ सुंदर आहे. तिला वाटलं, हा गडी मुद्दाम करतोय. चित्रं काढणारे करतात तसं. उसाला कुणी पानगळ दिलेली तिनं पहिल्यांदाच बघितली, आणि खरं सांगायचं तर तिथंच ती अर्धी घसरली. उरलेली अर्धी घसरायला थंडी यावी लागली.

कारण असं झालं, की त्यानं तिला असिस्टंट नेमलं. खऱ्या इंजिनात माणसं दोन असतात. सिग्नल दिसला की असिस्टंटनं मोठ्यानं सांगायचा, ड्रायव्हरनं आपल्या डोळ्यांनी बघायचा आणि मोठ्यानं परत म्हणायचा. दोघांचं जुळलं तरच ते खरं. एकट्यानं बघितलेलं रेल्वे मानत नाही, असं तो सांगायचा. सरावच करायचा तर पुरता करायचा. मग रोज दुपारच्या डब्यानंतर दोघं जिन्यात बसायची. वायर एकच, तिचा एक बोळा त्याच्या कानात, एक तिच्या. वायर आखूड होती हे तिला सोयीचं वाटायचं आणि लांब घ्यायला त्याला सवड मिळत नसे.

“होम सिग्नल... हिरवा,” स्टेशनात शिरायच्या आधीचा दिवा बघून ती हळू म्हणायची.

“हिरवा,” तो म्हणायचा.

“पिवळा.”

“पिवळा.”

आता हे काही प्रेमाचं बोलणं आहे का? पण एकीनं सांगायचं आणि दुसऱ्यानं तेच, तेवढ्याच हळू आवाजात परत द्यायचं, हे दोन महिने केलं की बाकी शब्दांची गरज उरत नाही. आकाराममामासुद्धा विरघळले. चहाला खाली जाताना विचारायचे, गाडी कुठं आली? वळिवड्याला, असं कळलं की म्हणायचे, मला हातकणंगल्याला उतरवा. आणि पायऱ्या वाजवत निघून जायचे.

तो तिला पोवारबाई म्हणायचा, ती त्याला मगदूम. कोल्हापूरच्या पोरी ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. संयोगिताही तशीच बोलायची, आणि तो मुद्दाम तिला ‘या की दादा’ म्हणून चिडवायचा. रेल्वेत ड्रायव्हर व्हायचं तर आधी असिस्टंट म्हणून लागावं लागतं. त्या भरतीचा अर्ज त्यानं भरला तेव्हा शेजारी बसून तिनंही भरला. त्याच्या नावाखाली आपलं नाव असावं, एवढाच तिचा त्यात मतलब होता. परीक्षा झाली. दोघंही पास झाली. तिला त्याच्यापेक्षा चार मार्क जास्त पडले हे तिनं जिन्यातल्या प्रत्येकाला सांगितलं. आता उरली होती ती फक्त डॉक्टरी तपासणी.

त्या संध्याकाळी स्टेशनच्या बाहेर, त्याची गाडी सुटायच्या आधी तो म्हणाला, “ड्रायव्हर झालो की असिस्टंट म्हणून तुलाच मागून घेतो.”

“रेल्वे तसं देत नसती.”

“मग घरात घेतो.”

ती शेंगदाणे खात होती. हातातला दाणा हातातच राहिला.

“घरात सिग्नल कोण दाखवणार?” तिनं विचारलं, पण आवाज नेहमीसारखा निघाला नाही.

“आई दाखवंल. तिचा कायम हिरवाच असतोय.” मग तो जरा घुटमळला. “तू ये की एकदा घरी. ती ओढणी घालून ये... पहिल्या दिवशी घातलेली. चॉकलेटी. त्यात तू लई भारी दिसतीस.”

गाडीनं शिट्टी दिली, तो पळाला. आणि संयोगिता हातातल्या पुडीसकट तिथंच उभी राहिली. कारण तिच्याकडं चॉकलेटी ओढणी नव्हती. घरी जाऊन तिनं कपाट पालथं केलं. पहिल्या दिवशी तिनं घातली होती बाटलीहिरवी. जिन्यात छत्रीचं पाणी पडून तिच्या टोकाला डाग पडला होता, तोही जागेवर होता. मग चॉकलेटी कुणाची? तर्क लढवायला फार वेळ लागला नाही. अभ्यासिकेत पुढच्या रांगेत ती ताडकन उठणारी मुलगी बसायची. तिच्या अंगावर कायम मातकट रंग.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यात आली, तीच बाटलीहिरवी ओढणी मुद्दाम घालून. बोळा कानात घातला आणि गप्प बसली. त्याला त्यातलं काही कळलं नाही. तो स्वतःच्याच आनंदात होता. त्यानं तिच्यासाठी काहीतरी करून आणलं होतं. हिवाळ्यात पंचगंगेवरनं धुकं उठतं, पूल त्यात बुडतो, ते आपल्याला फार आवडतं, असं ती कधीतरी बोलून गेली होती. त्यानं पंधरवडा खपून मार्गात ते धुकं घातलं होतं.

गाडी पुलावर आली. धुकं खरंच आलं... पांढरं, ओलं वाटणारं. पुलाच्या कमानी एकेक करून विरल्या. रागातसुद्धा तिचा श्वास अडकला. पुढं धुक्यात एक लाल ठिपका उगवला. खांब दिसत नव्हता, दिव्यांची वर-खाली जागा दिसत नव्हती, नुसता लाल ठिपका. सांगायचं काम तिचं. तिनं ओठ घट्ट मिटले. कळू दे ह्याला असिस्टंटची किंमत.

तो एकदा तिच्याकडं बघून हसला. गाडी थोडी हळू केली आणि तशीच पुढं घेतली. ठिपका मागं गेला. खेळ थांबला. पडद्यावर पाटी आली, लाल सिग्नल ओलांडला.

“असं कसं?” तो म्हणाला. “पिवळा होता की. म्हणून तर हळू केली.”

तिला आधी वाटलं, चिडवतोय. मग त्याचा चेहरा बघितला. तो मुकाट्यानं गाडी मागं घेऊन पुन्हा तिथं आणत होता, आणि पुन्हा तो लाल ठिपका धुक्यातनं वर आला, आणि तो पुटपुटला, पिवळाच हाय की... तिनं ओढणीचं टोक हातात घेतलं.

“मगदूम, ही ओढणी कुठली?”

“हीच की ती. चॉकलेटी.”

आपल्याला सवत नाही हे कळल्यावर कधी कुणी बाई एवढी घाबरली नसेल. राग तिथल्या तिथं गेला आणि त्याच्या जागी जे आलं त्याला तिला नाव सुचेना. आजवर तो सिग्नल बघतच नव्हता. लख्ख उन्हात दिव्याची जागा बघून ओळखत होता. आणि ती शेजारी असली की तिचा शब्द ऐकून तोच परत देत होता. कपट म्हणून नव्हे. आपल्याला वेगळं दिसतं हे त्याला कुठं ठाऊक होतं? त्याला ऊस उसाच्या रंगाचाच दिसत होता.

ती त्या दिवशी काही बोलली नाही. आठवडाभर बोलली नाही. गप्प राहण्यात तिचा तोटा नव्हता, हे ती पुरतं जाणून होती. तपासणी डॉक्टर करणार, निकाल डॉक्टर देणार; आपल्या तोंडानं कशाला? आणि निभावलंच एखाद्या वेळेस, तर नवरा, रान, सासू, वडलांचं गप्प बसणं, सगळं जागच्या जागी. रात्रीच्या जेवणात गणपतरावांनी आपणहून विचारलं, तो रुकडीचा पोरगा पास झाला म्हणे? एवढं त्यांनी विचारणं म्हणजे भट्टी पेटली होती.

शेवटी ती रुकडीला गेली. ओढणी तीच. अंजनाकाकीनं पाट मांडला, वाफाळती आंबोळी पुढं ठेवली आणि तिला काही न विचारता सगळं कळल्यासारखी हसली. लेकाचं कौतुक सांगता सांगता म्हणाली, गुणाचा हाय, पण ल्हानपणी लई धांदरट. मिरच्यांच्या रानात पिकलेल्या तेवढ्या तोडून आण म्हटलं की हिरव्या-लाल सगळ्याच घेऊन यायचा. बाबासोंनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, त्यावरनं किती मारलं असेल, लेकरू कधी उलटून बोललं नाही. संयोगितानं हातातला घास ताटात परत ठेवला.

जेवणानंतर तो तिला रान दाखवायला घेऊन गेला. बांधावर दोघं बसली. समोर रूळ, मागं ऊस, डोक्याच्या वर गेलेला, वाऱ्यानं सळसळणारा, इतका हिरवा की डोळे निवावेत.

“ह्याचा रंग कसला रे?” तिनं विचारलं.

“उसाचा.”

“अन् माझ्या ओढणीचा?”

तो हसला. मग तिच्याकडं बघितल्यावर हसायचा थांबला. तिनं सगळं सांगितलं. ओढणी, धुकं, मिरच्या, खेळातला ऊस. एकदाही रडली नाही. तो ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता वळून उसाकडं बघत राहिला. एवढी वर्षं ओळखीचं असलेलं माणूस कुणी दुसरंच निघावं, तसं.

मग त्यानं खिशातनं मोबाईल काढला. ठिपक्या-ठिपक्यांच्या गोलांत आकडे लपवलेले असतात, ती रंग ओळखायच्या तपासणीची पानं त्यात होती.

“मला ह्यात काय बी दिसत न्हाय,” तो म्हणाला. “मला वाटलं, मोबाईलच भंगार हाय. कुठल्या पानावर कुठला आकडा, तू सांग. मी पाठ करतो.”

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. हे कुणी तिच्या माथी मारलं नाही. तिचं तिनं केलं. बारा, ती म्हणाली. बारा, तो म्हणाला. आठ. आठ. जिन्यातल्यासारखंच, तितक्याच हळू आवाजात. तिला ते थांबवावंसं वाटत नव्हतं.

मिरजेकडनं पॅसेंजर आली. रान हाललं. गाडी रुकडीला थांबायची म्हणून हळू झालेली, दारात दुधाचे कॅन, खिडक्यांत कॉलेजची पोरं, एक म्हातारी खिडकीच्या गजाला डोकं टेकून निवांत झोपलेली. ड्रायव्हरच्या भरवशावर तोंड उघडं टाकून. संयोगितानं मोबाईल बंद केला.

“पुढचं सांग की.”

“आकडे पाठ होतील. त्याच्या पुढं अंधाऱ्या खोलीत दिवे दाखवतात. ते?”

“ते नशिबावर.”

“अन् रुळावर?”

“शेजारी असिस्टंट असतोय की. तुझ्यासारखाच कुणीतरी.”

“तो एखाद्या दिवशी रुसला तर?”

त्याला राग आला. त्यानं तोंड फिरवलं.

“मी गाडी चालवली तर तुझं काय जातंय?” तो म्हणाला.

तुझं काय जातंय! वरची सगळी यादी तिच्या डोळ्यांपुढनं गेली, पहिल्या कलमापासनं शेवटपर्यंत. ती ओढणीचं टोक पिळत बसली. तिच्या बाजूला काय पडतं आणि काय जातं, हे त्याला त्या घडीला दिसत नव्हतं. आणि त्यात डोळ्यांचा दोष नव्हता.

तपासणीला दोघं एकाच गाडीनं गेली, वेगवेगळ्या बाकांवर बसून. रेल्वेच्या दवाखान्यात रांगा लागलेल्या. तो तिच्याआधी आत गेला आणि लवकर बाहेर आला. ती आत जायला उठत होती. दारात एकमेकांसमोर आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “दिसलं तेवढंच सांगितलं.”

तिला सगळं दिसलं. बारा, आठ, अंधारातला लाल, अंधारातला हिरवा. एकही चुकला नाही. डॉक्टरनं मान डोलावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पास झाल्याचं तिनं कुणाला सांगितलं नाही.

आता गंमत बघा. ज्या दोन घरांच्या धाकानं पोरं एवढी दबून होती, ती घरं आडवी आलीच नाहीत. बाबासो मगदूम दोन दिवस गुरगुरले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, पोराला न्हाय मिळाली तर न्हाय, सुनेला मिळाली की. नोकरी घरात आली म्हंजे झालं. अंजनाकाकीचा सिग्नल हिरवाच होता. गणपतरावांनी थोडी खळखळ केली. सरकारी नोकरी जावयाला हवी असं आपण म्हणालो होतो, लेकीला नव्हे, हा मुद्दा त्यांनी ताणून बघितला. पण पेढे वाटताना त्यांची छाती एवढी फुगली होती, की आणखी आठ-पंधरा दिवसांत तेही वितळले असते.

नाही म्हणाला तो अभिनंदन.

रुकडी स्टेशनवर, पत्र्याच्या शेडखाली. थंडीतला अवेळी पाऊस बारीक लागला होता, आणि रुळांच्या पलीकडं ऊस तोडणाऱ्यांच्या गाड्या भिजत उभ्या होत्या.

“रेल्वेत दुसरी कामं असतात,” ती म्हणाली. “तिकिटांचं असतंय, हापिसातलं असतंय. परत परीक्षा दे. मी अभ्यास घेतो तुझा.”

“खिडकीत बसून तिकिटं फाडायची, अन् गाड्या जाताना बघायच्या?”

“मग मी न्हाय जात नोकरीला.”

“तसं केलंस तर तोंड बघणार न्हाय तुझं.” मग त्याचा आवाज खाली आला. “ऐक. तू रोज घरी येशील. आज धुकं होतं, आज पुलावर असं झालं, सांगशील. मी ऐकीन. पहिलं वर्ष हसून ऐकीन... मग एक दिवस तुला काहीतरी टाकून बोलीन. तू दुसऱ्या दिवसापासनं सांगायची बंद होशील. तसल्या गप्प घरात तुला आणायचं न्हाय मला.”

“कशावरनं बोलशील?”

“आत्ताच बोलावंसं वाटतंय,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यानं लपवलं नाही.

त्यानं तिच्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला. मार्ग आहे म्हणाला, पुरा. लॅपटॉप विकून टाकणार आहे. “ऊस तेवढा हिरवा कर. लोक हसतात.”

तिची गाडी आली. सिग्नल पडला होता. त्यानं सवयीनं तिच्याकडं बघितलं आणि तीही सवयीनं म्हणाली, “हिरवा.”

तो परत म्हणाला नाही.

संयोगिता पोवार आता असिस्टंट आहे. ट्रेनिंग झालं, लांबच्या गावी दिवस काढले, आणि मग कधीतरी मिरजेला बदली मिळाली. कोल्हापूर-मिरज पॅसेंजरवर तिची पाळी येते. शेजारी दुसराच कुणी असतो, बहुतेक वेळा वयस्क आणि मिशीवाला. पूल संपतो, रुकडीचा सिग्नल दिसतो, ती मोठ्यानं सांगते, तो मोठ्यानं परत म्हणतो. दोघांचं जुळतं. गाडी पुढं जाते.

रुळाला लागून ऊस असतो. हिरवागार. तिला दर खेपेला तो जरा खोटा वाटतो. घरी लॅपटॉपवर मार्ग आहे, पण तिनं रंगाला हात लावलेला नाही. परदेशातली माणसं अजून लिहितात, पानगळ सुंदर आहे.

धुक्याच्या सकाळी कधी कधी तो बांधावर दिसतो. हातात पाण्याचा पाइप किंवा खांद्यावर वैरण. तो मान वर करत नाही. धुक्यात त्याला त्या खांबावरचा दिवा ओळखता येणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत आहे? पण गाडी न अडखळता स्टेशनाकडं गेली, की त्याला आवाजावरनं कळत असेल, तिनं काय सांगितलं ते. ओठातल्या ओठात तो परतही म्हणत असेल. किंवा नसेलही. इंजिनाच्या आवाजात तिकडचं ऐकू येत नाही.

तर शेवटी कुणाच्या पदरात काय पडलं? खिडकीला डोकं टेकून झोपलेली माणसं आपापल्या स्टेशनात सुखरूप उतरतात. त्यांना काही देणं पडलं नाही, आणि त्यांना कशाची खबरही नाही. गणपतरावांना सरकारी नोकर मिळाला. बाबासोंचा ऊस वेळेवर कारखान्याला जातो, पोरगा आता रानात चांगलं लक्ष घालतो. अंजनाकाकी स्थळं बघते आणि तो दर वेळी पुढच्या वर्षी म्हणतो.

आणि रविवारी पोवारांच्या घरात रश्श्याचा वास सुटतो. आई लेकीच्या ताटात पांढऱ्या रश्श्याची वाटी ठेवते. संयोगिता ती बोटानं हळूच बाजूला सारते. एवढी वर्षं झाली, अजून पित्त जात नाही का गं, आई विचारते.

नाही जात, ती म्हणते, आणि भाकरी मोडायला घेते.